परदेशी विद्यार्थी-खेळाडू आणि त्याच्या नांवाची किंमत

अमेरिकेंतील दोन विद्यापीठांमध्यें झालेली पहिली क्रीडास्पर्धा ही मुळांत एक जाहिरात होती. तेथील क्रीडासंस्थांच्या चालकांना ही गोष्ट फारशी आठवावीशी वाटत नाहीं. ३ ऑगस्ट १८५२ या दिवशीं न्यू हॅम्पशायर संस्थानांतील विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल येथील विद्यार्थ्यांची होड्यांची शर्यत झाली. शर्यतीची कल्पना विद्यार्थ्यांची नव्हती, त्यांच्या गुरुजनांचीही नव्हती. त्या भागांत लोहमार्ग चालविणाऱ्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याची ती होती. उतारूंनीं तिकिटें घ्यावीं आणि सरोवराच्या कांठीं हवा खाण्यास यावें, एवढाच त्याचा हेतु होता. आणि त्यासाठीं दोन्ही संघांचा जाण्यायेण्याचा व राहण्याजेवण्याचा खर्च कंपनीनें आनंदानें सोसला. हार्वर्डची होडी पुढें आली. विजेत्यांना रुप्यानें मढविलेलीं वल्हीं बक्षीस मिळालीं, आणि तीं देणारे गृहस्थ जनरल फ्रँकलिन पीअर्स हे त्याच वर्षीं अमेरिकेचे अध्यक्ष निवडून आले.

तरुणांच्या दंडांतील बळ, विद्यापीठांचें नांव, बघ्यांची गर्दी आणि व्यापाऱ्याचा नफा हीं चारही अंगें त्या पहिल्या दिवशींच एकत्र आलीं होतीं. पुढें पावणेदोनशे वर्षें वाद चालला तो एवढाच, कीं या नफ्यांतला वांटा खेळणाऱ्यालाही मिळावा कीं नाहीं. २०२१ सालीं त्या वादाचा निकाल खेळाडूच्या बाजूनें लागला. परंतु दरवाजा उघडला तेव्हां एक वर्ग उंबरठ्याबाहेरच राहिला. तो परदेशांतून शिकावयास आलेल्या खेळाडूंचा.

या वर्गाची संख्या थोडीथोडकी नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांचें नियंत्रण करणारी राष्ट्रीय संघटना तिच्या आद्याक्षरांवरून एन्‌सीएए या नांवानें ओळखली जाते. तिच्या स्पर्धांत खेळणारे परदेशी विद्यार्थी वीस हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांच्यावांचून कित्येक विद्यापीठांचे टेनिसचे किंवा लांब पल्ल्याच्या धांवण्याचे संघ उभेच राहणार नाहींत. यांपैकीं बहुतेक सर्वजण ‘एफ्‌-१’ नांवाच्या विद्यार्थी-परवान्यावर त्या देशांत राहतात. हा परवाना महाराष्ट्राच्या शहरांतही आतां अपरिचित राहिलेला नाहीं. २०२३-२४ या वर्षीं अमेरिकेंत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. ज्या घरचा मुलगा वा मुलगी तिकडे शिकत असेल त्या घरांत ‘आठवड्याला वीस तास’ हे शब्द रोजच्या बोलण्यांत रुळलेले असतात. सत्र चालू असतां विद्यापीठाच्या आवारांत आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करावें. आवाराबाहेर काम करावयाचें तर निराळी परवानगी घ्यावी, असा हा नियम आहे. ग्रंथालयांत पुस्तकें लावून ठेवणाऱ्या मुलाला तो जसा लागू आहे, तसाच पंधरा-वीस हजार प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या सातफुटी जवानालाही लागू आहे.

खेळून पैसा घेणारा तो हलका, ही समजूत अमेरिकेची स्वतःची नव्हे. ती इंग्लंडांतून आली. एकोणिसाव्या शतकांत तेथें नौकाशर्यतींचे नियम करणाऱ्यांनीं हातच्या श्रमावर पोट भरणाऱ्या माणसाला हौशी खेळाडूंच्या पंक्तींतूनच उठविलें होतें. मग तो खेळाचे पैसे घेवो वा न घेवो. नियमावर पांघरूण नीतीचें होतें, आंत वर्गभेद होता. कोल्हापूरच्या आखाड्यांत इनामाची कुस्ती मारून फेटा आणि रोख रक्कम घेऊन परतणाऱ्या मल्लाला महाराष्ट्रांत कोणीं कमी लेखलें नाहीं. उलट गांव त्याची मिरवणूक काढीत असे. त्यामुळें ही इंग्रजी कल्पना मराठी श्रोत्याला प्रथम चमत्कारिकच वाटेल. अमेरिकेंत मात्र ती चांगली रुजली, आणि तिचा सर्वांत कठोर फटका ज्याला बसला तो जिम थॉर्प हा तेथील आदिवासी जमातीचा, कार्लाइल येथील सरकारी शाळेंत वाढलेला तरुण होता. १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें त्यानें पंचक्रीडा व दशक्रीडा या दोहोंत सुवर्णपदक मिळविलें. पुढच्याच वर्षीं तीं पदकें परत घेण्यांत आलीं. त्याचा गुन्हा एवढाच, कीं १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत तो नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत किरकोळ पैशावर बेसबॉल खेळला होता. महाविद्यालयांतले दुसरेही पुष्कळ विद्यार्थी सुटींत असे खेळत. पण ते खोटें नांव सांगून खेळत. थॉर्पनें स्वतःचें खरें नांव दिलें होतें. पदकें त्याला परत देण्याचा निर्णय १९८२ सालीं झाला, तेव्हां त्याला मरून एकोणतीस वर्षें लोटलीं होतीं.

एन्‌सीएएचा जन्म १९०६ चा. आदल्या हंगामांत फुटबॉलच्या मैदानावर इतके तरुण दगावले, कीं खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या मंडळींस बोलावून घ्यावें लागलें, आणि त्या धांवपळींतून ही संघटना निघाली. हौशी खेळाचें सोंवळें तिनें प्रथमपासून मिरविलें. तें कितपत पाळलें गेलें, हें १९२९ सालच्या कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालानें चव्हाट्यावर आणलें: शंभराहून अधिक संस्था पाहिल्या, आणि त्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश ठिकाणीं खेळाडूंना या ना त्या वाटेनें पैसा पोंचत होता. अखेर १९५६ सालीं संघटनेनें केवळ खेळासाठीं शिष्यवृत्ति देण्यास मोकळीक दिली. फी, जेवण, राहणें, पुस्तकें एवढें घ्यावें. त्यापलीकडे मात्र छदामही घेऊं नये.

याच सुमारास कोलोरॅडो संस्थानांत दोन खटले झाले, आणि त्यांनीं पुढच्या साऱ्या इतिहासाला वळण दिलें. पहिला डेन्व्हर विद्यापीठाच्या अर्नेस्ट नेमेथ या फुटबॉलपटूचा. त्याला टेनिसचीं मैदानें साफ ठेवण्याचें काम देऊन त्याबद्दल पैसे दिले जात. परंतु तें काम टिकणें वा न टिकणें हें त्याच्या फुटबॉलवर अवलंबून होतें. सरावांत त्याला दुखापत झाली, तेव्हां त्यानें कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली, आणि १९५३ सालीं संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें ती त्याला देवविली. विद्यापीठांच्या कारभाऱ्यांची झोंप उडाली. खेळाडू हा कामगार ठरला, तर मोडलेल्या प्रत्येक हाडाचा हिशेब द्यावा लागणार! त्या वेळचे संघटनेचे मुख्य कार्यवाह वॉल्टर बायर्स यांनीं ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द प्रचारांत आणला तो या भीतीपोटीं, आणि १९९५ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनीं तें स्वतःच सांगून टाकलें. नियमांत, पत्रकांत, भाषणांत, जेथें तेथें हाच शब्द वापरावा असा दंडक पडला.

दुसरा खटला अधिक करुण. फोर्ट लुइस येथील कृषि-महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू १९५५ सालीं सामन्यांत डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनें भरपाईचा दावा लाविला. १९५७ मध्यें त्याच सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला: महाविद्यालय कांहीं फुटबॉलचा धंदा करीत नाहीं, म्हणून त्यासाठीं खेळणारा हा त्याचा नोकर नव्हे. खेळणें म्हणजे काम नव्हे, हें तत्त्व असें एका विधवेच्या दाव्यावर प्रस्थापित झालें. श्रोत्यांनीं हें तत्त्व ध्यानांत ठेवावें; परदेशी खेळाडूच्या प्रकरणांत तें उलटें होऊन पुढें यावयाचें आहे.

आतां दुसरा धागा. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेच्या कायद्यांत स्वतंत्र स्थान १९२४ पासूनच होतें. त्या वर्षीं निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या वसाहतवाल्यांच्या संख्येवर कडक मर्यादा घालण्यांत आली, पण खऱ्या विद्यार्थ्याला त्या मर्यादेंतून वगळलें होतें. सध्याच्या परवान्याचा पाया मात्र १९५२ च्या मॅक्‌कॅरन-वॉल्टर कायद्यांत आहे. अध्यक्ष ट्रूमन यांनीं नकाराधिकार वापरूनही विधिमंडळानें तो मंजूर केला. त्यांतील ‘एफ्‌’ या पोटकलमावरूनच परवान्याचें नांव पडलें. विद्यार्थी कोण? ज्याचें मायदेशीं घर आहे व तें सोडण्याचा ज्याचा विचार नाहीं, जो तात्पुरता आणि केवळ अभ्यासासाठींच येत आहे, तो. ‘केवळ’ या शब्दांत सर्व कांहीं आलें. परदेशी विद्यार्थ्यानें कमाईच्या मागें लागून देशांतल्या माणसाची नोकरी घेऊं नये, हा त्यांतला हेतु उघड आहे आणि तो अगदींच गैरही म्हणतां येणार नाहीं.

अशा रीतीनें एकाच दशकांत दोन कुंपणें उभीं राहिलीं. एक खेळाच्या संघटनेचें: खेळाडूनें कमावूं नये. दुसरें सरकारचें: परदेशी विद्यार्थ्यानें कमावूं नये. दोहोंचीं कारणें अगदीं भिन्न. पण तीं इतकीं चिकटून उभीं होतीं, कीं त्यांच्यामध्यें अंतर आहे हें जवळजवळ सत्तर वर्षें कोणाच्या नजरेस आलें नाहीं. नेब्रास्काचा शेतकऱ्याचा मुलगा आणि केनियाचा गुराख्याचा मुलगा सारखेच रिकाम्या खिशानें धांवत होते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा केनियन विद्यार्थी हेन्री रोनो यानें १९७८ सालीं अवघ्या एक्याऐंशी दिवसांत चार जागतिक विक्रम मोडले. त्याच्या पराक्रमाचें मोल त्याला रोखीनें घेतां येत नव्हतें, तसें तें त्याच्या अमेरिकन सोबत्यांनाही घेतां येत नव्हतें.

याचा अर्थ परदेशी खेळाडूंना सुखानें नांदूं दिलें जात होतें असा नव्हे. वॉशिंग्टन शहरांतील हॉवर्ड हें कृष्णवर्णीयांचें नामांकित विद्यापीठ. वेस्ट इंडिज व आफ्रिकेंतील विद्यार्थ्यांच्या बळावर त्याच्या फुटबॉल-संघानें, म्हणजे पायानें खेळावयाच्या आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या संघानें, १९७१ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. संघटनेनें चौकशी करून तें काढून घेतलें. त्या काळीं संघटनेचा एक नियम असा होता, कीं परदेशी खेळाडूनें वयाच्या एकोणिसाव्या वर्षानंतर मायदेशीं जितकीं वर्षें स्पर्धात्मक खेळ केला असेल तितकीं वर्षें त्याच्या महाविद्यालयीन पात्रतेंतून वजा व्हावीं. अमेरिकन मुलाला अमेरिकेंत खेळल्याबद्दल अशी वजाबाट नव्हती. हॉवर्डनें न्यायालयांत धांव घेतली, आणि १९७३ सालीं न्यायाधीश गेझेल यांनीं हा नियम राज्यघटनेच्या समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. अजिंक्यपद मात्र परत मिळालें नाहीं. हॉवर्डच्या मुलांनीं १९७४ मध्यें एकही सामना न गमावतां तें पुन्हा जिंकलें, हें त्यांचें उत्तर! या खटल्याचें महत्त्व एवढ्याचसाठीं, कीं पक्षपात जोंवर संघटनेच्या नियमांत होता तोंवर त्याच्यावर घाव घालतां आला. परवान्याचा कायदा हा सरकारचा. परक्यांना कोणत्या अटींवर आंत घ्यावें हें ठरविण्याची सरकारची सत्ता तेथील न्यायालयें फार मोठी मानतात.

इकडे खेळांतला पैसा वाढतच गेला. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सामन्यांच्या दूरचित्रवाणी-प्रक्षेपणावरील संघटनेची मक्तेदारी मोडली. २०१० सालीं बास्केटबॉलच्या एका वार्षिक स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क चौदा वर्षांसाठीं १,०८० कोटि डॉलरांस विकले गेले. शिक्षकांचे पगार वाढले, प्रेक्षागारें वाढलीं. खेळाडूची शिष्यवृत्ति तेवढी होती तेथेंच होती.

कुंपणाला पहिलें खिंडार पाडलें तें एड ओबॅनन यानें. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला १९९५ सालीं अजिंक्यपद मिळवून देणारा हा बास्केटबॉलपटु पुढें खेळ सोडून पोटापाण्याच्या व्यवसायाला लागला होता. एका स्नेह्याच्या घरीं मुलें संगणकावरचा खेळ खेळत होतीं. त्यांत त्याला स्वतःसारखाच दिसणारा, डावखुरा, ३१ हाच क्रमांक ल्यालेला एक खेळाडू उड्या मारतांना दिसला. खेळ विकणाऱ्या कंपनीनें त्याला विचारलें नव्हतें, दमडीही दिली नव्हती. २००९ सालीं त्यानें दावा लाविला. २०१४ मध्यें न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनीं संघटनेचे नियम स्पर्धाविरोधी ठरविले. या दाव्यांतला मुद्दा निराळा होता. ओबॅनन श्रमाचें वेतन मागत नव्हता. आपलें नांव, आपली छबी, आपलें रूप ही आपली मालमत्ता आहे व ती दुसऱ्यानें फुकट वापरूं नये, एवढेंच त्याचें म्हणणें होतें.

मग पाऊल झपाट्यानें पडत गेलें. ३० सप्टेंबर २०१९ रोजीं कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनीं खेळाडूला नांवाची व छबीची कमाई करूं देणाऱ्या कायद्यावर सही केली. पाठोपाठ इतर संस्थानांनींही तसेच कायदे केले. २१ जून २०२१ रोजीं ॲल्स्टन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या नवांच्या नऊ न्यायाधीशांनीं संघटनेविरुद्ध कौल दिला. तो खटला शिक्षणविषयक लाभांपुरताच होता, तरी वारा कोणीकडे वाहत आहे हें कळून चुकलें, आणि १ जुलैपासून संघटनेनें आपली मनाई उठविली. त्याच दिवशीं न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकांत फ्रेझ्नो येथील दोन जुळ्या बास्केटबॉलपटु बहिणींचीं भव्य चित्रें एका दूरध्वनी-कंपनीच्या जाहिरातींत झळकलीं.

परदेशी खेळाडूंपुढें आतां विलक्षण पेंच उभा राहिला. संघटना म्हणाली, घ्या. परवाना म्हणाला, घेतलेत तर खबरदार! विनापरवाना काम केलें, तर परवान्याची अट मोडते. अट मोडली म्हणजे शिक्षण संपलें, खेळ संपला आणि परत जाण्याची वेळ आली. एवढें सारें एका बुटाच्या जाहिरातीपायीं. मग प्रश्न उरला तो हा, कीं खेळाडूचा चेहरा ही त्याची मालमत्ता कीं त्याची मेहनत? एफ्‌-१ परवान्याचा विद्यार्थी बँकेंतील ठेवीचें व्याज घेऊं शकतो, शेअरांवरील नफा घेऊं शकतो, मायदेशच्या घराचें भाडें घेऊं शकतो; कारण तें काम नव्हे. तेव्हां त्याच्या नांवाची जर्सी दुकानांत विकली गेली व त्याचा वांटा त्याला घरबसल्या मिळाला, तर तें भाड्यासारखेंच, असें कित्येक वकिलांचें मत पडलें. परंतु त्याच जर्सीवर स्वाक्षऱ्या करण्यास तो दुकानांत तासभर बसला कीं तें काम झालें! सामन्यांत आधींच टिपलेलें छायाचित्र कंपनीनें वापरलें तर ती मालमत्ता; त्यासाठीं तो पुन्हा कॅमेऱ्यापुढें उभा राहिला तर ती मजुरी. ही रेषा शास्त्रशुद्ध असेल. पण वीस वर्षांच्या मुलानें तिच्यावरून चालावें आणि तोल गेला तर देश सोडावा, हें जरा अतिच होय.

डेनिसनची विधवा न्यायालयांत आली तेव्हां मैदानावर जीव गमावणें हेंही काम नव्हतें. परदेशी खेळाडू दारांत आला तेव्हां हातांत शीतपेयाची बाटली धरून हंसणें हेंही काम ठरण्याची भीति उत्पन्न झाली. दोन्ही ठिकाणीं शब्दाचा अर्थ असा लागला, कीं देणें कोणावर येऊं नये.

महाविद्यालयांची स्थितीही चमत्कारिक झाली. २००१ च्या हल्ल्यानंतर सरकारनें परदेशी विद्यार्थ्यांची नोंद संगणकावर ठेवण्याची सक्ति केली, आणि २००३ पासून प्रत्येक संस्थेंतील नेमलेला अधिकारी ती सरकारला पुरवीत आला. म्हणजे ज्या विद्यापीठाची तिजोरी खेळाडूमुळें भरावयाची, त्याच विद्यापीठानें त्याची चूक वर कळवावयाची. वॉशिंग्टनच्या खात्याकडे विचारणा झाली. विचार चालू आहे असें उत्तर आलें, पण स्पष्ट नियम निघाला नाहीं. तेव्हां बहुतेक विद्यापीठांनीं आपल्या परदेशी मुलांना सांगितलें, कीं तूर्त कशावरही सही करूं नका.

सही करावयाचीच तर ती अमेरिकेबाहेर करावी, ही युक्ति लौकरच निघाली. कारण परवान्याची मनाई अमेरिकेच्या भूमीपुरती होती. काँगोचा ऑस्कर चीब्वे हा केंटकी विद्यापीठाचा खेळाडू २०२२ सालीं देशांतील सर्वोत्तम बास्केटबॉलपटु ठरला. त्या ऑगस्टांत त्याचा संघ सामन्यांसाठीं बहामा बेटांवर गेला, आणि तेथल्या थोड्या दिवसांत त्यानें जाहिरातींचीं कामें उरकून घेतलीं. तीं सुमारें पांच लक्ष डॉलरांचीं होतीं असें वृत्तपत्रांनीं छापलें. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून विमानानें तासाभराच्या अंतरावर जें कृत्य निर्दोष, तेंच किनाऱ्याच्या अलीकडे हद्दपारीला पात्र! मालीचा ॲडामा सानोगो याचेंही उदाहरण असेंच. एप्रिल २०२३ मध्यें कनेक्टिकट विद्यापीठाला त्यानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें आणि अंतिम फेरीचा श्रेष्ठ खेळाडू तोच ठरला. हें सर्व रमजानचे उपवास पाळीत. त्या आठवड्यांत त्याच्या नांवाचा गजर सबंध देशांत चालला होता. पण त्याचे अमेरिकन सहकारी त्या गजराचे पैसे करूं शकत होते, तसे ते त्याला करतां येत नव्हते.

भारतीय उदाहरणही आहे. उंच उडी मारणारा तेजस्विन शंकर यानें कॅन्सस स्टेट विद्यापीठातर्फे २०१८ सालीं आणि पुन्हा २०२२ सालीं राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळविलें. पहिल्या वेळीं मनाई सर्वांनाच होती. दुसऱ्या वेळीं ती त्याच्यासारख्यांपुरती उरली होती. उंच उडीला बास्केटबॉलची बाजारपेठ नाहीं, हें खरें. पण कायद्यापुढें दोघे सारखेच.

सर्वांत बोलबाला झाला तो टोरांटोच्या झॅक ईडी याचा. सात फूट चार इंच उंचीचा हा कॅनेडियन तरुण पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळे, आणि २०२३ व २०२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें तो देशांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९८० च्या दशकारंभीं राल्फ सॅम्सन या खेळाडूला साधलें त्यानंतर हें कोणाला साधलें नव्हतें. डिसेंबर २०२३ मध्यें त्याच्या संघाचा एक सामना टोरांटोला झाला. स्वतःच्या गांवीं, स्वतःच्या देशाच्या भूमीवर तो उतरला व त्यानें पस्तीस गुण केले. परत इंडियानांत आल्यावर तो पुन्हा विद्यार्थी झाला. जून २०२४ मध्यें मेंफिसच्या व्यावसायिक संघानें त्याला निवडलें, आणि त्याबरोबर त्याची सारी अडचण नाहींशी झाली. कारण नामांकित परदेशी खेळाडूंसाठीं १९९० च्या कायद्यांत ‘पी’ वर्गाचा परवाना तयारच आहे. खेळ हाच ज्याचा धंदा, त्याच्यासाठीं कायद्यांत खोली आहे. अभ्यास करीत खेळणाऱ्यासाठीं ती बांधावयाची राहून गेली. विद्यार्थी असतांनाच हा ‘पी’ परवाना मागण्याचा मार्ग कांहीं वकिलांनीं धरला, पण आंतरराष्ट्रीय कीर्ति सिद्ध करण्याची त्याची अट सामान्य खेळाडूला पेलणारी नाहीं.

दुरुस्तीचा प्रयत्न झालाच नाहीं असें नव्हे. डिसेंबर २०२३ मध्यें सिनेटर ब्लूमेन्थल व सिनेटर रिकेट्स यांनीं, म्हणजे एका डेमोक्रॅट व एका रिपब्लिकन सभासदानें मिळून, परदेशी विद्यार्थी-खेळाडूला नांवाची व छबीची कमाई करूं देणारें विधेयक आणलें. ब्लूमेन्थल हे सानोगोच्या कनेक्टिकटचे, हा योगायोग नव्हे. विधेयक त्या विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत मंजूर झालें नाहीं. परदेशीयांच्या प्रवेशाचा विषय तेथें इतका तापलेला आहे, कीं त्यांतील एखादें निरुपद्रवी वाक्य बदलावयाचें म्हटलें तरी दोन्ही पक्षांना चटका बसतो.

दरम्यान ६ जून २०२५ रोजीं त्याच न्यायाधीश विल्केन यांनीं हाउस खटल्यांतील तडजोडीला मान्यता दिली. पूर्वीं बुडालेल्या कमाईपोटीं खेळाडूंना सुमारें २८० कोटि डॉलर द्यावेत, आणि १ जुलैपासून विद्यापीठांना आपल्या उत्पन्नांतून खेळाडूंना थेट पैसे देतां यावेत, असें ठरलें. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटि ५ लक्ष डॉलर. आतां पैसा बुटाच्या कंपनीकडून नव्हे, तर खुद्द विद्यापीठाकडून येणार होता, आणि त्यामुळें जुना प्रश्न अधिकच टोंचूं लागला. नांव व छबी वापरण्याचा हा मोबदला आहे असें करारांत लिहून कांहीं विद्यापीठांनीं परदेशी खेळाडूंनाही रक्कम देण्याचें ठरविलें. कांहींनीं यादींतून त्यांचीं नांवें वगळलीं, आणि वॉशिंग्टनच्या खात्याचें पत्र येण्याची वाट पाहण्याचें पत्करलें.